जांभूळमळ्याच्या अंगणवाडीतला खोकला

"पण खिचडीनं खोकला कसा येईल?"

आवाज मंडपाच्या टोकापर्यंत गेला आणि सगळ्या माना मागं वळल्या.

प्रश्न विचारणारी मुलगी खांबाला धरून उभी होती. तिच्यामागं हर्षाली तोंडावर ओढणी दाबून हसत होती, कारण पैज तिनंच लावली होती. "वक्तृत्वाची ढाल सगळ्या गावाला दाखवत फिरतीस ना? मग बापाच्या ठरावावर प्रश्न विचारून दाखव. भर सभेत!"

समृद्धीनं विचारून दाखवला.

ठराव तिच्या वडिलांचा होता. सयाजी, ग्रामपंचायतीचे सदस्य, ठराव नुकताच वाचून खाली बसले होते. जांभूळमळा वस्तीवरच्या अंगणवाडीत मुलं वारंवार आजारी पडतात. मदतनीस सुंदरा यांनी शिजवलेल्या खिचडीमुळं हे होतं. सबब त्यांना कामावरून कमी करावं, अशी शिफारस वर पाठवावी.

"कोण बोललं?" सरपंचांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मी. खिचडी वाईट असेल तर पोट दुखेल. उलट्या होतील, जुलाब होतील. इथं पोरं खोकतायत, दम लागतोय, डोळे लाल होतायत. मग खिचडी कशी?"

"सयाजीराव," कुणीतरी म्हणालं, "घरातच विरोधी पक्ष काढला का राव?"

सगळे हसले. सयाजी हसले नाहीत. त्यांनी मुलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

सरपंच मात्र विचारात पडले. "पोरगी बोलली ते अगदीच खोटं न्हाई. घाई नको. ठराव सोमवारच्या सभेत घेऊ. तवर कुणाला काय ठावं असंल तर सांगा."

"मेलीस," हर्षाली कानात पुटपुटली. "आता घरी जा."

पण समृद्धीला घरी जायला उशीर झाला. देवळामागच्या हातपंपाशी सुंदरा तिची वाट पाहत उभी होती. मंडपात तिला कुणी खुर्ची दिली नव्हती आणि तिनं मागितलीही नव्हती.

"माझा स्वराज नारायणगावला दवाखान्यात हाय," ती म्हणाली. "नाकाला वाफंचा मास्क लावलाय. चार वर्साचं पोर. आन् लोक म्हणत्यात, मीच घातलं त्याला. सोताच्या पोराला मी कुजकं घालीन का गं?"

"डॉक्टर काय म्हणाले काकी?"

"इचारत व्हते, घरात ओल हाय का, भिंतीला बुरशी आलीया का. मी म्हणलं, सायेब, आमचं घर बघा येऊन. उन्हात उभं हाय. मंग तालुक्याची माणसं अंगणवाडी बघून गेली. तिथंबी काय न्हाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "सोमवारी सोडणार त्याला. मंगळवारी परत अंगणवाडीत घालावंच लागंल. सगळ्या बाया कांदा काढायला जात्यात, पोर ठेवायचं कुठं? आन् परत तसंच झालं तर?"

पैज इथं संपली होती. यापुढचं पैजेचं नव्हतं.

"काकी, मी शोधते."

"ठराव तुझ्या बापाचा हाय."

"म्हणून तर."

नववीची परीक्षा संपल्यापासून समृद्धीनं 'खासगी तपास' सुरू केला होता. हर्षालीची हरवलेली सायकल आणि शाळेच्या नळाची चोरीला गेलेली तोटी, एवढंच आजवर तिच्या नावावर जमा होतं. दोन्ही वेळा तिच्यासोबत मोहितमामा होता. तो आईचा धाकटा भाऊ. पिंपरी पेंढारला त्याचा फोटो स्टुडिओ होता, पण लग्नाची तारीख नसली की तो बहिणीकडंच जेवायला असायचा. त्याच्याकडं मोटारसायकल होती, कॅमेरा होता आणि गुन्हेगार लगेच ओळखण्याची घाई होती.

"कांद्याची चाळ," गुरुवारी सकाळी गाडीला किक मारताना तो म्हणाला. "अंगणवाडीला लागून सावळारामची कांदा साठवायची चाळ आहे. कांद्यावर काळी बुरशी येते. ती उडते, पोरं खोकतात. केस संपली. चहा पिऊ."

"आधी बघू," समृद्धी म्हणाली.

अंगणवाडी पाहून मामाचा विरस झाला. आकाशी रंगाच्या भिंती, त्यावर अक्षरं, फळं, हत्ती. समृद्धीनं सगळ्या भिंतींवरून तळहात फिरवला. कोरड्या. कोपऱ्यात डाग नाही, पोपडा नाही. बाहेरची पाण्याची टाकी धुतलेली. मागची खिडकी तेवढी पत्र्यानं बंद केलेली होती.

"ती का बंद?"

"मागं ऊस हाय ना," सेविका प्राचीताई म्हणाली. "दिवाळीनंतर बिबट्या दिसला. बंद केली ती केली. बाकी पूर्वेच्या दोन खिडक्या आहेत की. तालुक्याची माणसंही सोमवारी हेच चाचपून गेली, भिंती आन् टाकी. काही सापडलं नाही."

खोलीच्या एका टोकाला कापडाखाली झाकलेला मोठा टीव्ही होता. शेजारी स्टीलचं उंच कपाट, त्याला पितळी कुलूप. कपाटावर लाल रंगात लिहिलं होतं, सयाजी यांजकडून अंगणवाडीस सप्रेम भेट. समृद्धीनं ते वाचलं आणि उगाच मान ताठ केली.

"टीव्ही रोज लावता?"

"नाही गं. मंगळवारी आन् शुक्रवारी. बालगीतं, गोष्टी. सव्वीस जानेवारीला तुझ्या बाबांनी दिला, पण होळीच्या दिवसांत त्याचा रिचार्जच संपलेला! किती फोन केले तुझ्या बाबांना. पोरं नुसती बंद टीव्हीपुढं बसून राहायची."

"आणि खिचडी?"

"ती रोज. एकच भांडं, एकच डाळ-तांदूळ. मीही तीच खाते." तिनं आवाज खाली घेतला. "सुंदराचा काही दोष नाही. पण सदस्यांपुढं मी काय बोलणार? माझीही नोकरी आहे."

समृद्धीनं एवढंच विचारलं, "इथं बसून न खाणारं कुणी आहे?"

"हर्षालीची धाकटी बहीण. बसतच नाही, रडते. तिची आई डबा भरून घरी नेते."

"ती खोकते?"

"तिला काय धाड भरलीय? चांगली टणाटणा उड्या मारते."

"आणि बसून खिचडी न खाणारं?"

प्राचीताईनं आठवून पाहिलं. "सावळारामची नात. तिला घरचाच डबा लागतो. ती मात्र... ती खोकते गं."

मामानं विजयी मुद्रेनं भुवया उडवल्या. सावळारामची नात! चाळ!

सावळाराम चाळीत खराट्यानं झाडत होता. नवा कांदा भरायचा होता. गेल्या वर्षीच्या सालींचा काळा धुरळा उन्हात तरंगत होता, आणि मामानं त्याचे लगोलग फोटो काढले.

"काढा, काढा," सावळाराम म्हणाला. "माझाच फोटो ऱ्हायला व्हता पेपरात यायचा. काय पावणं, मला धरायला आलाय का?"

"काका, ही काळी भुकटी अंगणवाडीत जाते?" समृद्धीनं विचारलं.

"जात असंल. वारं काय मला इचारून वाहतंय का? पण मी झाडायला घेतलं पाडव्यानंतर. पोरं खोकायला लागली शिवरात्रीच्या पुढं, उन्हाचा तडाखा सुरू झाला तवा. तवर या चाळीत मांजरसुदिक शिरलं नव्हतं."

"तुमची नात?"

त्याचा आवाज बदलला. "लई खोकायची. मधी होळीला बरी झाली व्हती. पुरणाची पोळी खाल्ली, गल्लीभर नाचली. आमाला वाटलं, गेलं एकदाचं. पाडव्यानंतर परत सुरू." त्यानं खराटा टेकवला. "आन् अंगणवाडी सुटली की रोज माझ्यापाशी हितं चाळीतच खेळती. हितं न्हाई खोकत."

गाडीवर बसताना मामा म्हणाला, "लबाड वाटतो."

"मामा, तो खरं बोलतोय. आणि त्यानं आपल्याला बरंच दिलंय."

"काय दिलंय? मला तर चहासुद्धा नाही दिला!"

राघूआजोबांचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पलीकडं माळावर खोडदच्या दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. आजोबा सुंदराचे सासरे, स्वराजचे आजोबा. कधीकाळी कळपाचा मोठा वाडगा होता, आता सात-आठ मेंढरं उरली होती.

"सुंदराचं काम जाईल का गं?" तिला पाहताच त्यांनी आधी हेच विचारलं.

"नाही जाणार," समृद्धी म्हणाली, आणि आपण हे कशाच्या जोरावर म्हणालो ते तिला कळेना. "आजोबा, स्वराज अंगणवाडीत कुठं बसतो?"

म्हातारा हसला. "खिडकीपाशी. आजीच्या घोंगडीला टेकून."

"घोंगडी?"

"टीव्हीवर ऊन पडतं म्हणून प्राचीबाईला खिडक्यांना काहीतरी लावायचं व्हतं. मी दिल्या दोन. हिराच्या हातच्या लोकरीच्या." हिरा म्हणजे त्यांची बायको. मागच्या दिवाळीत गेली. "लोकर तिनं कातरली, तिनंच कातली. सणगराकडं विणायला टाकली आन् घोंगड्या यायच्या आधीच गेली. घरात ठेवून काय करू? म्हणलं पोरांच्या उपेगी पडू दे. स्वराजला मोठा झालेला तिला बघायला न्हाई मिळालं, तिची घोंगडी तरी त्याच्या अंगाला लागू दे."

मामानं कॅमेरा खाली ठेवला.

"नव्या घोंगड्या होत्या तर," समृद्धी हळूच म्हणाली.

"नव्या कोऱ्या! काठीवाणी उभ्या ऱ्हायच्या. सणगर सुताला चिंचोक्याची खळ लावतो ना, म्हणून. नवी घोंगडी झटकली की पांढरं उडतं ते त्या खळीचंच. पण दोन-चारदा भिजली की खळ जाती, मंग लोण्यावाणी मऊ."

"भिजली तर खराब नाही होत?"

"घोंगडी?" आजोबांना नवल वाटलं. "अगं पावसाळा आमी तिच्याखाली काढलाय. भिजायची, वाऱ्यावर वाळायची, परत भिजायची. तिला पाणी काय करतंय! देवाचं वस्त्र हाय ते."

शुक्रवारी टीव्ही होता. समृद्धी आणि मामा दाराशी उभे राहिले.

प्राचीताईनं कपाटाचं कुलूप काढलं आणि दोन शिंका दिल्या. घड्या उलगडून तिनं दोन्ही घोंगड्या खिडक्यांच्या खिळ्यांना अडकवल्या. ऊन अडलं, खोली अंधारली. पांढरी बारीक भुकटी फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरपीत तरंगली आणि खाली बसली.

"हे काय?" समृद्धीनं विचारलं.

"खळ गं. नवी घोंगडी म्हटल्यावर उडायचीच."

मग तिनं एका घोंगडीमागं, खिडकीच्या कट्ट्यावर, टेबलफॅन ठेवला आणि चालू केला. घोंगडी शिडासारखी आत फुगली. थोड्या वेळानं तिनं तांब्यातून दोन्ही घोंगड्यांवर पाणी शिंपडलं.

गार झुळूक दारापर्यंत आली.

"एसी केलाय राव!" मामा खूश झाला.

"उन्हाळा लागल्यापासून असंच करतो. पोरं घामाघूम व्हायची. ही युक्ती राघूआबांनीच सांगितली, रानात ते पाण्याची कळशी अशीच ओल्या घोंगडीत गुंडाळायचे."

मुलं पंख्यासमोर दाटीनं बसली. खिडकीजवळची स्वराजची जागा रिकामी होती. समृद्धी तिथं जाऊन बसली आणि घोंगडीला टेकली. लोकर गालाला मऊ लागली. एक वास आला, उसाच्या पाचटाच्या जुन्या ढिगात हात घातल्यावर येतो तसा. थोड्या वेळानं तिच्या घशात खवखवलं.

गाणी संपली. प्राचीताईनं घोंगड्या उतरवल्या, घड्या घातल्या आणि तशाच ओल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"ताई, वाळवत नाही?"

प्राचीताईनं तिच्याकडं पाहिलं, मग कपाटावरच्या लाल अक्षरांकडं. "सुरुवातीला सुंदरा कुंपणावर टाकायची. पण फोटोला साहेबलोक येणार होते. तेव्हा सांगितलं गेलं, कुंपणावर घोंगड्या लटकलेल्या बऱ्या दिसत नाहीत, वापर झाला की लगेच कपाटात, कुलूप लावून. तेव्हापासून तसंच."

"कुणी सांगितलं?" मामानं विचारलं.

प्राचीताईनं किल्ली पदराला बांधली. समृद्धीनं ती लाल अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

जाता जाता तिनं खिडकीच्या कट्ट्यावरची पांढरी भुकटी एका कागदात झटकून घेतली.

शनिवारी आईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ओरडली. "समे! माझ्या कढईचं काय केलंस?"

"चिंचोके शिजवतीये. भाजून, कुटून."

"खायला?"

"नाही, बघायला."

रविवारी संध्याकाळी ओट्यावर सयाजी हिशोब करत बसले होते, आई मेथी निवडत होती. समृद्धीनं दोन बशा आणि टिंक्चर आयोडीनची बाटली त्यांच्यापुढं ठेवली. मामा पायरीवर बसला.

"बाबा, उद्याच्या सभेआधी ऐकाल का?"

सयाजींनी पेन बंद केलं. बुधवारपासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. "बोल."

"पहिली गोष्ट, खिचडी. हर्षालीची बहीण खिचडी घरी नेऊन खाते, खोलीत बसत नाही. ती ठणठणीत आहे. सावळारामकाकांची नात खिचडीला तोंड लावत नाही, खोलीत बसते. ती खोकते. म्हणजे आजार भांड्यात नाही, खोलीत आहे."

आईचा मेथी निवडणारा हात थांबला.

"मग चाळ!" मामाला राहवलं नाही.

"चाळ झाडायला घेतली पाडव्यानंतर. खोकला सुरू झाला शिवरात्रीनंतर. आणि ती नात रोज चाळीतच खेळते, तिथं खोकत नाही. म्हणजे चाळ नाही. आता तिसरी गोष्ट. होळीला तीच नात बरी झाली होती. का? खिचडी होती. भिंती होत्या. पाणी तेच होतं. एकच गोष्ट बंद होती. टीव्ही. रिचार्ज संपला होता, तुमच्याकडं फोन येत होते."

सयाजी ताठ बसले. "टीव्हीनं खोकला येतो? समे, सभेत हे बोललीस तर लोक हसतील."

"टीव्हीनं नाही येत. पण टीव्हीच्या दिवशीच त्या खोलीत एक वस्तू कपाटातून बाहेर निघते. तालुक्याची माणसं सोमवारी आली. त्या दिवशी ती कपाटात होती. त्यांनी भिंती पाहिल्या. ओल शोधायची तर सगळे भिंतच बघतात."

"घोंगड्या," मामा पुटपुटला. "पण समू, ती तर खळ! सगळे सांगतात."

"सगळे सांगतात म्हणून कुणी बघितलं नाही. राघूआजोबांनी काय सांगितलं, आठव. नवी घोंगडी काठीवाणी ताठ असते, कारण खळ असते. दोन-चारदा भिजली की खळ जाते, मऊ पडते. या घोंगड्यांवर शिवरात्रीपासून पाणी शिंपडतायत. मी परवा टेकून पाहिलं, गालाला मऊ लागली. खळ केव्हाच गेलीय. मग आता पांढरं उडतंय ते काय?"

तिनं पहिली बशी पुढं ओढली. "ही चिंचोक्याची खळ, मी शिजवलेली." आयोडीनचे थेंब पडले. बशीत हिरवट निळा रंग पसरला. आईनं वाकून पाहिलं.

"ही खिडकीच्या कट्ट्यावरची भुकटी." थेंब पडले. भुकटी नुसती पिवळट तांबूस झाली. समृद्धी थांबली. पुन्हा एक थेंब. रंग बदलला नाही.

"खळ असती तर निळी झाली असती. ही बुरशी आहे. ओल्या घोंगड्या अंधाऱ्या कपाटात घडी घालून ठेवल्या, सुरुवातीला धाग्यात उरलेली खळ तिनंच खाऊन संपवली. मंगळवारी-शुक्रवारी त्या वरून सुकलेल्याच बाहेर काढायच्या, झटकायच्या, आणि मागून पंखा लावायचा. सगळी पूड पोरांच्या तोंडावर. मागची खिडकी बिबट्यामुळं बंद, पूर्वेच्या दोन्हींवर घोंगड्या. हवेला जायला वाट नाही. आणि सगळ्यात जास्त कुणाच्या छातीत गेली? जो तिला टेकून बसतो त्याच्या."

गोठ्यातून वासराचं हंबरणं आलं.

"पण घोंगडीला पाणी काही करत नाही, हे आजोबांचं म्हणणं खोटं आहे का?" मामानं हळू विचारलं.

"रानात खरं आहे. तिथं ती भिजते आणि वाऱ्यावर वाळते. कपाटात वारा नसतो. आजोबांच्या आयुष्यात घोंगडी कधी कुलपात राहिलीच नाही, तर त्यांना कसं कळणार?" पुढचं वाक्य तिनं सबंध रात्र तोंडात घोळवलं होतं. "सुंदराकाकी त्या कुंपणावर वाळत टाकायच्या. त्यांना ते बंद करायला लावलं."

"कुणी?" आईनं विचारलं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

सयाजींचा चेहरा उतरला होता. "फोटोत बरं दिसत नव्हतं," ते म्हणाले, जणू स्वतःलाच. "साहेब येणार व्हते. मी आपला म्हणालो, ठेवा आत. मला काय ठावं..."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा. कुणालाच नव्हतं."

सयाजींनी बशीतला तांबूस ठिपका बोटानं सरकवला. मग त्यांच्यातला सदस्य जागा झाला.

"ठीक हाय. मी उद्या सकाळी घोंगड्या काढून घेतो. कुणाला कळायला नको. सभेत म्हणतो, काही कारणास्तव ठराव मागं घेतो. सुंदराचं काम ऱ्हातंय, पोरं बरी व्हत्यात. बास. कुणाचं नाव निघायला नको."

"आणि लोक काकींबद्दल काय बोलतील?" समृद्धीनं विचारलं. "सदस्यांनी दया केली, म्हणून वाचली. खिचडी तिचीच होती. उद्या पुन्हा एखादं पोर शिंकलं तरी तिच्याच दारात जातील."

"आन् तू सांगितलंस तर?" सयाजींचा आवाज चढला. "माझं सोड. राघूआबाला सांगणार हायेस, की तुझ्या हिराच्या घोंगडीनं तुझा नातू दवाखान्यात गेला? त्या म्हाताऱ्याजवळ दुसरं ऱ्हायलंय काय? भर सभेत ऐकायला लावशील त्याला?"

समृद्धीला आजोबांचा तो चेहरा आठवला, 'आजीच्या घोंगडीला टेकून' म्हणताना हसलेला. सायकल शोधताना असं काही आडवं आलं नव्हतं. सापडली, दिली, संपलं. हे सापडलं होतं आणि ज्याच्या हातात द्यायचं, त्याचेच हात भाजणार होते.

आई काही बोलायला गेली, पण मामानं मानेनंच नको म्हटलं.

समृद्धीनं बशा उचलून आत ठेवल्या, हात धुतले, चपला घातल्या. ओट्याच्या पायरीवर येऊन ती आई-वडिलांकडं वळली.

"मी आत्ता राघूआजोबांकडं जातीये. सभेत ऐकायच्या आधी त्यांना त्यांच्या घरी, माझ्या तोंडून कळेल. ते रडले तर मी तिथं बसेन. त्यांनी हाकललं तरी अंगणात बसेन. त्यांना हेही सांगणार आहे, की घोंगडी वाईट नव्हती, आम्ही तिला कोंडलं." तिनं श्वास घेतला. "आणि उद्या सभेत मी उभी राहणार आहे. खिचडीपासून कपाटापर्यंत सगळं सांगणार. बाबा, तुम्ही माझ्या आधी उठलात, तर मी बसून घेईन."